चालू प्रोग्रामचा पत्ता

पाणीपुरवठा कचेरीतल्या हेडक्लार्कांना सुटीच्या दिवशी नुसतं बसवत नसे, आणि घरच्यांचं सगळं दुखणं तिथेच होतं. दुसऱ्यांचे नवरे सुटीला लोळतात, पेपर तोंडावर घेऊन घोरतात आणि त्यांच्या बायका शेजारणीपाशी कपाळाला हात लावतात. हेडक्लार्कांच्या बायकोला अशा शेजारणींचा हेवा वाटे. तिचा नवरा सुटीला उठायचा तो बाह्या सरसावूनच.

कचेरीत त्यांचा लौकिक मोठा होता. कुठलाही कागद मागा, तो जिथे असायला हवा तिथेच असायचा. (तिथून तो पुढे कधी हलत नसे, ही गोष्ट वेगळी.) घरातही प्रत्येक वस्तू जागच्या जागी असावी असा त्यांचा आग्रह होता. फक्त ती जागा कुठली, हे ते दर सुटीला नव्याने ठरवायचे.

त्या दिवशी बायको सकाळीच बाहेर निघाली होती. घराच्या मागच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन होतं, मशीनला जोडलेला एक जुना कॉम्प्युटर होता आणि टॉवेलांचा छतापर्यंत पोचू पाहणारा ढीग होता. गावात एक नवीन हॉटेल निघत होतं. त्याच्या प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात एक निळा हंस भरून द्यायचा होता. हॉटेल दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं, टॉवेल संध्याकाळपर्यंत पोचवायचे होते, आणि हे काम नीट झालं तर हॉटेलच्या चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे कोट, सगळं तिच्याकडेच येणार होतं. घरातल्या मागच्या खोलीत एकटीने सुरू केलेल्या धंद्याला एवढं मोठं गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळत होतं. तयार झालेला पहिला गठ्ठा मॅनेजरला दाखवायला ती चालली होती.

"अहो, नीट ऐका," ती म्हणाली. "मशीन पीं करेल. मग टॉवेल ताणून धरणारी रिंग काढायची, दुसरा टॉवेल लावायचा, रिंग बसवायची, हिरवं बटण दाबायचं. बस."

"बस?"

"बस. याच्यापुढे काही करायचं नाही."

"कॉम्प्युटरवर काही—"

"कॉम्प्युटरकडे बघायचंसुद्धा नाही."

आता एखाद्या माणसाला एखाद्या वस्तूकडे बघू नको म्हटलं की तो काय करेल? पहिले दोन-तीन टॉवेल हेडक्लार्कांनी मोठ्या निष्ठेने लावले. मशीन खडखड करत हंस काढत होतं. मान झाली, चोच झाली, पंख सुरू झाले. स्टुलावर बसून हंस पूर्ण होण्याची वाट बघताना माणसाची नजर इकडेतिकडे जाणारच. ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली आणि हेडक्लार्कांच्या अंगावर शहारा आला.

काय तो पसारा! पडद्यावर एका बाजूला भरतकामाच्या प्रोग्रामची खिडकी उघडी होती, आणि उरलेल्या जागेत चिमुकली चित्रंच चित्रं. फुलं, पानं, मोर, कुठल्याशा शाळेचं बोधचिन्ह, 'नवीन', 'नवीन नवीन', 'जुना नवीन'. कचेरीत एखाद्या कारकुनाचं टेबल असं असतं तर हेडक्लार्कांनी त्याला लेखी विचारणा केली असती. त्यांनी ठरवलं, हंसाचे पंख होईतो जरा आवरून टाकू. बायको परत येईल, पडदा आरशासारखा लख्ख दिसेल, ती म्हणेल, "अगंबाई!"

(ती 'अगंबाई' म्हणेल हा त्यांचा अंदाज चुकला नाही.)

फुलं एका फोल्डरमध्ये गेली, मोर दुसऱ्यात. जे कशातच बसेना ते डिलीट. त्यात दोऱ्याच्या रिळाचं एक एकुलतं एक चित्र होतं. ते ना फूल, ना पक्षी. गेलं. शेवटी कचऱ्याचा डबा भरलेला दिसला, तोही त्यांनी रिकामा केला. काम अर्धवट सोडणाऱ्यांतले ते नव्हते.

मग मशीनने पीं केलं, त्यांनी मान वळवली, आणि समोरच्या प्रोग्रामच्या खिडकीत, अगदी वरच्या कोपऱ्यात, त्यांना तेच चित्र दिसलं. दोऱ्याचं रीळ.

हेडक्लार्क स्टुलावरून अर्धवट उठले. म्हणजे आपण उडवलं ते या प्रोग्रामचंच होतं की काय? मशीन तर चालतंय. पण हे बंद झालं तर परत सुरू कशावरून करायचं?

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात प्रोग्रामर होता, आणि भावोजींचा सुटीच्या दिवशी फोन आला की त्याच्या तोंडचं पाणी पळत असे.

"भावोजी, मीटिंगमध्ये आहे मी. तातडीचं आहे का?"

"छे छे, तसं काही नाही." तातडीचं असलं की हेडक्लार्क असंच म्हणत. कचेरीची सवय. "तुझ्या ताईच्या कॉम्प्युटरवरचं एक चित्र सापडत नाहीये, एवढंच."

"कसलं चित्र?"

"ते आपलं... दोऱ्याच्या रिळाचं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा, मग जिना उतरणाऱ्या पावलांचा.

"भावोजी, तुम्ही ते डिलीट केलंत?"

"डिलीट असं नाही. आवरलं."

"मग रिसायकल बिनमध्ये असेल. तिथून परत—"

"तो डबा रिकामा केला."

"का?"

"भरला होता."

मेहुण्याने दीर्घ श्वास घेतलेला फोनमधून ऐकू आला. "बरं. प्रोग्राम आत्ता चालू आहे ना? मग तो बंद करू नका. तुम्ही काढलीत ती नुसती दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घर पडत नाही. पण ते घर कुठल्या गल्लीत आहे ते आपल्याला माहीत नाही. आत दिवा लागलाय तोवर शोधता येईल. दिवा गेला की बसा अंधारात चाचपडत. ताई तो रोज कसा सुरू करते?"

"असंच. खोलीत जाते आणि सुरू करते."

"पण कशावरून?"

"ते मला काय माहीत?"

"भावोजी, तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

खरं म्हणजे मशीन आल्यापासून हेडक्लार्क त्या खोलीत रोज डोकवायचे, 'अजून चाललंय का?' असं विचारायचे आणि जेवायला कधी बसायचं ते ठरवून निघून जायचे. ती तिथे नेमकं काय करते ते बघायचं राहून गेलं होतं.

"ताईलाच विचारा की," मेहुणा म्हणाला.

"नको! तिला यातलं काही कळता कामा नये. तू जर तिला सांगितलंस ना, तर—"

"तर काय?"

"तर मला वाईट वाटेल."

तेवढ्यात खोलीच्या दारात त्यांचे वडील उभे राहिले, आणि हेडक्लार्कांच्या लक्षात आलं की खरं संकट हे आहे. वडील वीज खात्यात मीटर रीडर होते. निवृत्त झाले तरी फिरतं मीटर त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. घरात कुठे बटण चालू आणि माणूस गैरहजर दिसला की त्यांचा हात आपोआप वर जाई. शेव्हिंग करताना हेडक्लार्क नुसते टॉवेल आणायला वळले तरी आरशावरचा दिवा जायचा.

"कुणी बघत नाहीये तो पडदा," वडील म्हणाले. "चालू कशाला ठेवलाय?"

"बाबा, हात लावू नका! बघतोय मी!"

"तू तर फोनवर बोलतोयस."

"डोळ्यांनी बघतोय!"

कॉम्प्युटरचं बटण दाराशेजारी होतं. हेडक्लार्कांनी स्टूल ओढलं, बटणाला पाठ लावली आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. वायर जेमतेम पुरली. आता त्यांना पडदा दिसायचा तो तिरका.

"बोल," ते मेहुण्याला म्हणाले. "त्या टास्क मॅनेजर का काय म्हणतात त्यात बघू? कचेरीतला पोरगा बघत असतो."

"नको! तिथे फाइलचं लोकेशन दाखवणारं बटण आहे, पण त्याच्याच शेजारी प्रोग्राम बंद करणारं बटण आहे. ते बटण आणि तुमचा हात... नको. आपण स्क्रिप्ट लिहू."

"स्क्रिप्ट म्हणजे?"

"कॉम्प्युटरला लिहून द्यायचा हुकूम. चालू असलेले सगळे प्रोग्राम काढ, प्रत्येकाचं नाव आणि पत्ता सांग, असा."

हे मात्र हेडक्लार्कांच्या रक्तातलं होतं. लेखी हुकूम! ते ताठ बसले. "विषय काय टाकू?"

"विषय नाही. काळी खिडकी उघडा. उघडली? आता लिहा, गेट, डॅश, प्रोसेस."

"डॅश?"

"आडवी रेघ. मग स्पेस. मग पाइप."

"किती इंची?"

मेहुण्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून आला.

"भावोजी, पाइप म्हणजे उभी रेघ. एंटरच्या वर सापडेल. मग स्पेस, सिलेक्ट, स्पेस, नेम, स्वल्पविराम, पाथ. लिहिलंत? दाबा एंटर."

हेडक्लार्कांनी एंटर दाबलं. "लाल अक्षरं आली."

"काय म्हणतात?"

"इंग्रजीत ओरडतायत."

"वाचा ना!"

"वाचू कसा, पडदा तिरका आहे! आणि मी इथून उठलो की बाबा बटण बंद करतील."

"मग फोटो काढून पाठवा."

हेडक्लार्कांनी मोबाइल उंच धरून फोटो काढला आणि पाठवला. बऱ्याच वेळाने मेहुणा अतिशय शांतपणे म्हणाला, "भावोजी, हे तुमचं कपाळ आहे."

शेवटी कळलं ते असं की 'प्रोसेस'मधला एक 'एस' राहिला होता. एका एसपायी एवढा लाल थयथयाट! कचेरीत तर अख्खे परिच्छेद राहून जातात, तरी कागद मंजूर होतो. ते 'एस' घालणार इतक्यात मशीनने पीं केलं. फोन मानेत, कीबोर्ड काखेत, एक पाय मागे बटणावर, अशा आसनात त्यांनी रिंग काढली, टॉवेल बदलला, हिरवं बटण दाबलं.

"तो उलटा लावलास," वडील म्हणाले.

बघतात तर खरंच. नव्या टॉवेलवर हंसाची मान खाली उतरत होती.

"आता?"

"राहू दे. बुडी मारतोय म्हणायचं. अंग पुसणारा खाली मान घालून बघेल, त्याला सरळच दिसेल."

एरवी हेडक्लार्कांनी यावर वाद घातला असता. आता त्यांनी मुकाट्याने 'एस' घातला. काळ्या खिडकीत नावांची रांग धावत सुटली. घरातल्या माणसांपेक्षा त्या पेटाऱ्यात जास्त मंडळी राबत होती, आणि एकाचंही नाव धड नव्हतं.

"स्टिच असं काही दिसतंय का बघा."

"स्टिच... स्टिच... आहे! आहे रे, आहे!"

"शाब्बास! आता त्याच्या पुढे काय लिहिलंय?"

"तीन टिंबं."

"टिंबांच्या आधी?"

"आधी काही नाही. नाव आणि तीन टिंबं."

"खिडकी केवढी ठेवलीय तुम्ही?"

"पट्टीएवढी. मागचा प्रोग्राम झाकला जाऊ नये म्हणून." यात हेडक्लार्कांना आपली सावधगिरी दिसत होती.

"म्हणून जागा पुरली नाही त्याला. तो बिचारा पत्ता सांगतोय आणि तुम्ही त्याचं तोंड दाबून धरलंय." मेहुण्याचा आवाज आता थोडा चिरकू लागला होता. "काही हरकत नाही. तोच हुकूम परत लिहा, आणि शेवटी अजून एक पाइप द्या. त्याच्यापुढे लिहा, फॉरमॅट—"

"फॉरमॅट?" हेडक्लार्क मोठ्याने म्हणाले.

हा शब्द त्यांनी मोठ्याने म्हणायला नको होता. वडील बाहेरच्या खोलीकडे वळले होते, ते गर्रकन फिरले. मागे एकदा हेडक्लार्कांनी त्यांचा मोबाइल 'जरा हळू चालतोय' म्हणून फॉरमॅट केला होता. त्यात वडिलांच्या सगळ्या मित्रांचे नंबर गेले. पुढे काही मित्र नंबरांच्या मागोमाग स्वतःही गेले, त्यामुळे ते परत मिळण्याची वाटच बुजली. तेव्हापासून या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.

"फॉरमॅट करतोयस?" वडील कडाडले. "सुनेचा कॉम्प्युटर?"

"बाबा, तो फॉरमॅट नाही, हा वेगळा—"

"मला सांगतोस? माझ्या मोबाइलच्या वेळीही हेच म्हणाला होतास!" आणि वडिलांनी बटणाच्या दिशेने हात घातला. "मी बंद करतो, म्हणजे तिचं वाचेल तरी!"

"बंद केलंत तर सगळं जाईल!"

"चालू ठेवलं तर तू घालवशील!"

हेडक्लार्कांनी दोन्ही हात पसरून बटण अडवलं. वडील डावीकडून गेले, हे डावीकडे सरकले. ते उजवीकडून आले, हे उजवीकडे. फोन जमिनीवर पडला आणि तिथूनच ओरडू लागला, "फॉरमॅट-लिस्ट! भावोजी, लिस्ट! यादी! बाबांना सांगा, नुसती यादी आहे, काही पुसलं जात नाही!"

"कोण बोलतोय जमिनीवरून?" वडील थांबले.

"तुमच्या सुनेचा भाऊ."

वडिलांनी खाली वाकून फोन उचलला. "तू आहेस होय रे? मग ठीक आहे. तुझ्यावर विश्वास आहे माझा." आणि ते बाजूला झाले. स्वतःच्या मुलाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

हेडक्लार्कांनी घाम पुसला. जवळ टॉवेल होता, त्यानेच पुसला. (नंतर लक्षात आलं की तो हॉटेलचा होता.) मग अक्षरामागून अक्षर लावत त्यांनी हुकूम पूर्ण केला. एंटर. आता नाव वरच्या ओळीत आणि पत्ता खालच्या ओळीत, असं सगळं मोकळं ऐसपैस आलं.

"सापडला!" ते ओरडले. "ई, दोन टिंबं, तिरकी रेघ, स्टिच—"

"सी?"

"ई!"

"डी?"

"ई रे, ई! एलिफंटचा ई!"

पलीकडे मेहुणा जिन्यातच मटकन खाली बसल्याचं ऐकू आलं.

"भावोजी, ताईच्या कॉम्प्युटरला सी आणि डी असे दोनच कप्पे आहेत. मीच करून दिलेत. ई म्हणजे बाहेरून लावलेलं काहीतरी. पेनड्राइव्ह. बघा, कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावलेला असेल."

हेडक्लार्कांनी पुढून पाहिलं. मागे हात घालून चाचपलं. "नाही."

"असायलाच हवा."

"नाहीये. धूळ आहे. पेनड्राइव्ह नाही."

"मग तो कुणीतरी काढलाय. प्रोग्राम छोटासा आहे, एकदा मेमरीत चढला म्हणून चाललाय अजून. पण बंद पडला की संपलं. तो पेनड्राइव्ह सापडल्याशिवाय परत सुरू होणार नाही."

हेडक्लार्कांनी सावकाश मान वर केली आणि वडिलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?"

"बाबा, इथून काही काढलंत का तुम्ही?"

"मी? मी पेन घेतलं होतं. परवा, सही करायला. ड्राइव्ह बिव्ह मला माहीत नाही."

पण वडिलांच्या कपाटात एक खण होता. घरात सापडलेली आणि कशाची ते न कळलेली प्रत्येक वस्तू त्यात जाई. हेडक्लार्कांनी तो खण अख्खा उपसून पलंगावर ओतला. कुलपांवाचून किल्ल्या, किल्ल्यांवाचून कुलपं, घड्याळाचे पट्टे, कुठल्याशा झाकणाची मूठ, आणि तीन-चार वस्तू अशा की पेनड्राइव्हच असाव्यात. एकीचं टोपण काढलं, ती लिपस्टिक निघाली. दुसरीतून ज्वाळा आली. तिसरा खरोखरच पेनड्राइव्ह होता. हेडक्लार्कांनी तो लावला, उघडला, तर आत त्यांचंच भाषण होतं, कचेरीतल्या साहेबांच्या निरोप समारंभाचं. ते म्हणायची वेळच आली नव्हती, कारण साहेबांनी आधीच आवरतं घ्यायला सांगितलं होतं.

मग शोध सुरू झाला तो खरा. उशा उलट्या झाल्या, सोफ्याच्या फटींत हात गेले, डबे उघडले गेले. वडील बटणापाशी पहाऱ्याला बसले. (चोराच्या हाती किल्ल्या देण्याचाच प्रकार होता, पण दुसरा माणूसच नव्हता.) मशीन मधूनच पीं करायचं, की हेडक्लार्क पलंगाखालून सरपटत बाहेर यायचे, टॉवेल लावायचे आणि पुन्हा पलंगाखाली जायचे. मेहुण्याची मीटिंग केव्हाच संपली होती. तो कानाला फोन लावून जिन्यातच बसला होता आणि अधूनमधून "पडद्यामागे बघितलंत?" असं विचारत होता. त्याला फोन ठेवता येत नव्हता. भावोजींना या अवस्थेत एकटं सोडायला त्याचं मन धजत नव्हतं.

बायको परत आली तेव्हा तिला दारातून घर दिसलंच नाही. सामान दिसलं. हेडक्लार्क सोफ्याच्या मागे गुडघ्यांवर होते.

"अगंबाई!" ती म्हणाली. "काय शोधताय?"

"चष्मा," हेडक्लार्क तिथूनच म्हणाले.

"डोळ्यांवर आहे."

"अरेच्चा, हो की."

"मॅनेजरना पहिला गठ्ठा फार आवडला. चादरींचं काम पण आपल्यालाच देतो म्हणाले, फक्त बाकीचे टॉवेल वेळेत हवेत." बोलता बोलता ती मागच्या खोलीत गेली. तिथे सासरे स्टुलावर, पाठ भिंतीला, हाताची घडी घालून बसले होते. पडदा लख्ख होता. तयार टॉवेलांच्या गठ्ठ्यातून मधेच एक हंस बुडी मारताना डोकावत होता.

तिने गठ्ठ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, खरं सांगा."

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं आणि सगळं एका दमात बाहेर पडलं. आवराआवर, रीळ, डबा, हुकूम, पाइप, तीन टिंबं, ई. "मी तुला मदत करायला गेलो गं," शेवटी ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच ओला झाला. "तो पेनड्राइव्ह काही केल्या सापडत नाही. आता हे मशीन बंद पडलं तर तुझ्या एवढ्या कष्टांचं... माझ्यामुळे..."

बायकोने खांद्यावरची पर्स पुढे घेतली, आतला कप्पा उघडला आणि एक पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

हेडक्लार्क त्याच्याकडे बघतच राहिले.

"सापडला ना?" वडील उठले. "म्हणजे झालं काम." आणि एवढा वेळ आवरून धरलेला हात त्यांनी मोकळा सोडला. खट्!

पडदा काळा झाला. मशीन हंसाच्या अर्ध्या मानेत थांबलं. हेडक्लार्कांच्या तोंडून असा आवाज निघाला की फोनमधला मेहुणा विचारू लागला, "कोण पडलं? बाबा पडले का?"

बायकोने शांतपणे बटण परत लावलं, पेनड्राइव्ह खुपसला, त्यातल्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. रिळाच्या चित्राची खिडकी उघडली. तिने मशीनवरची दोन-चार बटणं दाबली, सुई नेमक्या थांबल्या टाक्यावर आणली, आणि खडखड करत हंसाला उरलेली मान फुटू लागली. सगळं मिळून चहाला आधण यायला लागतो त्याहून कमी वेळ गेला असेल.

"एवढंच?" हेडक्लार्क म्हणाले.

"एवढंच. रोज हेच करते मी."

"पण तू तो पर्समध्ये का नेलास?"

"तुम्हाला सुटी होती ना आज," ती म्हणाली. आभाळ भरून आलं होतं म्हणून छत्री नेली, असं सांगावं इतक्या सहज.

पर्स अजून उघडीच होती. हेडक्लार्कांनी जरा वाकून आत पाहिलं. आतल्या कप्प्यात नळाचा तो पाना होता, ज्याच्या चोरीचा आळ त्यांनी प्लंबरवर घेतला होता. भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलची चावी होती. इस्त्रीचा फ्यूज होता. आणि एक छोटा, लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर, जो त्यांना किती तरी सुट्यांपासून सापडत नव्हता आणि ज्याच्यासाठी त्यांनी एकदा अख्खा फ्रिज भिंतीपासून ओढला होता.

"हे सगळं..." ते म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हरकडे हात नेऊ लागले.

हातातल्या फोनमधून मेहुण्याचा थकलेला आवाज आला. "ताई, एक विचारू? त्या पर्समध्ये भावोजींचा मोबाइल मावेल का?"

बायकोने पर्सचं तोंड जरा रुंद केलं आणि हात पुढे केला.

मावला.